नववीत गेली आणि 'मला गणित येत नाही' म्हणायला लागली: आधी आत्मविश्वास की आधी मार्क?

सुदामानगरकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. विषय घरचाच आहे, पण इथे इंदूरचे पालकही आहेत आणि मास्तरही, म्हणून इथेच विचारतो.

मुलगी नववीत आहे. आठवीपर्यंत घरापासून चालत जाता येईल अशा शाळेत होती. एम.पी. बोर्ड, पाटीवर इंग्रजी माध्यम, पण वर्गात सगळं हिंदीत समजवायचे. तिथे ती कायम पहिल्या तिनात. गणितात ८५च्या खाली कधी आली नाही. यंदा बायपासकडच्या एका सीबीएसई शाळेत घातली. तिथे मार्कांप्रमाणे सेक्शन पाडतात, हे आम्हाला प्रवेश झाल्यावर कळलं. पहिल्या टेस्टला गणितात ४० पैकी २४, अर्धवार्षिकला ८० पैकी ४७.

मार्कांचं एक वेळ चालेल हो. पण आता ती वही उघडतानाच म्हणते, "मला गणित येत नाही." एका प्रश्नाशी अडली की पुढचे तीन न वाचताच सोडून देते. ही तीच मुलगी, जी मागच्या वर्षी माझ्या दुकानाचा जीएसटी तोंडी काढायची.

घरात प्रत्येकाकडे औषध तयार आहे. मेहुणे म्हणतात, विजयनगरला दोन दिवसांचं मोटिवेशनचं शिबिर आहे, पोरांचा कॉन्फिडन्स एकदम वर जातो. (फी ऐकून माझा खाली गेला.) शिवाय त्यांनी तिला परस्पर सांगून ठेवलंय, ८० टक्के आण, टॅब घेऊन देतो. बायको म्हणते ट्यूशन लावा. आई म्हणते नजर लागली, आणि मुलीच्या जातीला एवढं गणित हवंय कशाला.

माझा प्रश्न असा की आत्मविश्वास वाढला की मार्क वाढतात, की मार्क वाढले की आत्मविश्वास येतो? मला दुसरं खरं वाटतं. आरशासमोर उभं राहून "मी करू शकते" म्हटल्याने गणितं सुटली असती तर भंवरकुआंचे सगळे क्लास बंद पडून तिथे काचेची दुकानं निघाली असती. पण माझं वाटणं आणि शास्त्र यात फरक असू शकतो. जाणकारांनी सांगावं.

जीरावन

भिया, मोटिवेशन म्हणजे जीरावन, आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला. पोह्यांवर भुरभुरलं की मजा येते. पण पोहे भिजलेच नसतील तर नुसतं जीरावन खाऊन काय होतं ते मी स्वतःच्या नावाला जागून सांगू शकतो.

तुकोगंजची मावशी

मी निवृत्त शिक्षिका आहे, सगळं आयुष्य सरकारी शाळांत गणित शिकवण्यात गेलं. शास्त्र नंतर बघू. मला आधी सांगा, उत्तरपत्रिका बघितलीत का?

शाळा पेपर पालकांच्या सहीसाठी घरी देते किंवा शाळेत बोलावून दाखवते. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि लाल गोल कुठे कुठे आहेत ते बघा. "गणित येत नाही" असा रोग मी आजवर पाहिलेला नाही. अपूर्णांक येत नाहीत, भागाकार कच्चा आहे, चिन्हं चुकतात, प्रश्न कळत नाही, हे पाहिलंय. मूल या सगळ्याची एकच मोळी बांधतं आणि "येत नाही" म्हणून डोक्यावर घेतं. मोळी सोडायची जबाबदारी आपली. ३३ मार्क गेलेत ना? कुठे गेले ते लिहून काढा आणि मग इथे या.

आणि तो टॅबचा वायदा आधी मागे घ्यायला सांगा.

आकडेमोड्या

संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे हात शिवशिवतात. धागाकर्त्याचा अंदाज बराचसा बरोबर आहे, पण पुरता नाही.

अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एक साधी पण फार कामाची गोष्ट मांडली. मूल स्वतःला एकंदरीत किती भारी समजतं ते बाजूला ठेवा. त्याला समोरचं अमुक एक काम दाखवा आणि विचारा, "हे तुला जमेल असं किती वाटतं?" हा भरवसा कामागणिक वेगळा असतो. भाषेत असेल, भूमितीत नसेल. आणि त्यावरूनच मूल काम हातात घेतं की टाळतं, अडल्यावर किती वेळ झटतं, हे ठरतं. तुमची मुलगी पुढचे तीन प्रश्न सोडून देते ना, ते नेमकं हेच.

आता आकडे. १९९१ साली मल्टन, ब्राउन आणि लेंट यांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. हा भरवसा आणि अभ्यासातली कामगिरी यांचा सहसंबंध ०.३८ आला (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पुरतं). म्हणजे मुलामुलांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यातला साधारण १४ टक्के या भरवशाशी जोडता येतो. कमी नाही, पण उरलेले ८६ टक्के कशाकशात आहेत ते शिबिरवाले सांगत नाहीत.

शिवाय सहसंबंधावरून दिशा कळत नाही. त्यासाठी त्याच मुलांची दोन्ही मोजमापं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. टाल्स्मा आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली असेच अभ्यास वेचून एकत्र केले. आधीच्या कामगिरीचा नंतरच्या भरवशावर परिणाम सुमारे ०.२०, आणि आधीच्या भरवशाचा नंतरच्या कामगिरीवर सुमारे ०.०७. गाडी दोन्हीकडून चालते, पण एका बाजूचा जोर जवळपास तिप्पट.

"स्वतःबद्दल छान वाटू द्या, मार्क आपोआप येतील" याचा प्रयोग तर सरकारी पातळीवर झालाय. कॅलिफोर्नियाने १९८६ साली स्वाभिमान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कृती दल नेमलं होतं. २००३ साली रॉय बॉमाइस्टर आणि मंडळींनी सगळा पुरावा तपासला, तर स्वाभिमान फुगवल्याने अभ्यास सुधारतो असं काही हाती लागलं नाही.

रामबागवाली

आकडेमोड्या सर, तुमचे आकडे मान्य, पण ०.०७ म्हणजे शून्य नव्हे ना? घरात रोज रडणारं लेकरू असेल तर ०.०७ पण धरून ठेवावंसं वाटतं.

आणि आजींना माझा नमस्कार सांगा, पण "मुलीच्या जातीला गणित कशाला" हे वाक्य त्या पोरीसमोर पुन्हा नको. पिसा म्हणून अनेक देशांत एकाच वेळी घेतात ती चाचणी आहे, तिच्यात २०१२ साली १५ वर्षांच्या मुलामुलींना गणिताबद्दलच्या भरवशाचे प्रश्नही विचारले होते. मुलांइतकेच गुण मिळवणाऱ्या मुलींनीसुद्धा "मला हे जमेल" याचं उत्तर कमी दिलं आणि भीती जास्त सांगितली. सारखं गणित येत असूनही! ही भीती कुठून येते? घरातल्या अशाच सहज बोलण्यातून येत असेल, अजून कुठून? अहिल्याबाईंच्या गावात राहून आपण असं बोलावं?

शिबिराला मात्र माझाही विरोध. आमच्या मुलाच्या शाळेत एकाला बोलावलं होतं. टाळ्या, आरोळ्या, शेवटी आईवडिलांच्या नावाने रडारड. पोरं दोन दिवस भारावलेली होती. तिसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचं पुस्तक तेच.

भंवरकुआं रिटर्न

काका, मी आता इंजिनिअरिंगला आहे, पण दोन वर्षं कोचिंगमध्ये काढलीत, म्हणून सांगतो. आमच्याकडे टेस्टनंतर बॅच बदलायच्या. अकरावीला मी ए बॅचला होतो आणि वर्षभर गप्प. शेजारचा पोरगा सर फळ्यावर लिहायच्या आत उत्तर सांगायचा. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी कमी आहे. मग घसरून सी बॅचला आलो. घरी सुतक. पण तिथे मी पहिल्यांदा हात वर करून डाउट विचारला, कारण तिथे सगळेच विचारत होते.

गंमत म्हणजे माझं फिजिक्स दोन्ही बॅचमध्ये तेवढंच होतं. ए मध्ये मी स्वतःला ढ समजत होतो, सी मध्ये शहाणा.

आकडेमोड्या

@भंवरकुआं रिटर्न, तुझ्या या अनुभवावर चाळीस वर्षं संशोधन चाललंय. हर्बर्ट मार्श आणि पार्कर यांनी १९८४ साली दाखवलं की सारख्याच कुवतीच्या दोन मुलांपैकी एक हुशार मुलांच्या शाळेत आणि दुसरं साधारण शाळेत गेलं, तर हुशारांच्या शाळेतलं मूल स्वतःला कमी लेखतं. मूल स्वतःचं माप काढतं ते शेजारच्या बाकाकडे बघून. पुढे मार्श आणि हाउ यांनी २००३ साली २६ देशांतल्या लाखाहून जास्त विद्यार्थ्यांच्या आकड्यांवर तेच ताडून पाहिलं, आणि चित्र बहुतेक तसंच निघालं.

सुदामानगरकर, तुमच्या घरात हेच घडलं असणार. मुलीचं गणित एका उन्हाळ्यात गेलं नाही. तिची रांग बदलली. शिवाय तिची परीक्षाही बदलली, त्यामुळे जुने ८५ आणि आताचे ५९ टक्के यांची सरळ वजाबाकी करू नका.

सेक्शन पाडण्याबद्दल मला जरा कडक बोलायचंय. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जातीचा उल्लेख नसताना खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींची मुलं उच्चवर्णीय मुलांच्या बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव-गाव-जात पुकारल्यावर त्याच गटातल्या मुलांची सुटलेली कोडी एकदम कमी झाली. निष्कर्ष २००४ साली आले. कोडी तीच, वयं तीच. "तू कुठला" हे आधी सांगितलं आणि मग कागद दिला, एवढाच फरक. शाळेतल्या "डी सेक्शन"ची जातीशी तुलना करत नाही, ते दुःख फार मोठं आहे. पण वर्गाच्या दारावर लायकी लिहून ठेवणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा वाचावा.

कोचिंगवाला

सगळे कोचिंगला झोडपतायत, म्हणून दुसरी बाजू. मी शिकवतो तिथेही बॅच पाडतात आणि पाडाव्या लागतात. ज्याला वर्गसमीकरण येत नाही आणि ज्याला त्याच्या पुढचं हवंय, त्या दोघांना एकाच फळ्यावर काय शिकवू? @भंवरकुआं, तू सी मध्ये खूश होतास हे खरं, पण सी मध्ये प्रश्नांचा दर्जाही उतरतो. पहिला आल्याचं सुख वर्षभर टिकतं आणि मग जेईईच्या निकालात हिशोब होतो. दरवर्षी बघतो.

आणि आत्मविश्वास कमी असलेल्यांपेक्षा जास्त असलेले माझ्याकडे जास्त बुडतात. "सर, हे तर येतं" म्हणून वही मिटतात. डन्लॉस्की आणि रॉसन यांचा २०१२ चा अभ्यास आहे: व्याख्या पाठ झाल्यात असं ज्यांना खोटंच वाटलं त्यांनी लवकर अभ्यास थांबवला आणि नंतर त्यांना कमी आठवलं. त्यामुळे पोरीचा भरवसा वाढवा म्हणताना कशाच्या जोरावर वाढवताय ते बघा. थोडी धास्ती असलेलं पोरगं मला चालतं. ते निदान उदाहरण दोनदा तपासतं.

भंवरकुआं रिटर्न

सर, थोडी धास्ती आणि रात्रभर झोप न लागणं यात फरक आहे. तुमच्या क्लासच्या मागच्या बाकावरून तो दिसतो.

कोचिंगवाला

मान्य. पुढच्या बाकावरूनही दिसतो, पण पगार फळ्याकडे बघण्याचा मिळतो.

सुदामानगरकर

मावशी, तुमचं ऐकून रविवारी उत्तरपत्रिका घेऊन बसलो. गेलेल्या ३३ मार्कांचा हिशोब असा.

१० मार्क नुसत्या चिन्हांत गेलेत. कंसाबाहेर वजा असला की आतल्या पहिल्या पदाचं चिन्ह बदलते, दुसऱ्याचं तसंच ठेवते. बहुपदीत हेच, समीकरणात हेच. १२ मार्कांच्या शाब्दिक उदाहरणांना तिने हातच लावलेला नाही, पानं कोरी. ७ मार्क भूमितीच्या सिद्धतेचे: आकृती आहे, पायऱ्या आहेत, पण त्रिकोण एकरूप का, त्याचं कारण लिहिलेलं नाही. उरलेले ४ घाईचे.

मग कोऱ्या सोडलेल्यांपैकी एक शाब्दिक उदाहरण मी तिला मराठीत वाचून दाखवलं. तिने दोन चलं धरली, समीकरणं मांडली आणि सोडवून माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी लपवून ठेवलं होतं. म्हणाली, "हे असं विचारलंय होय?" म्हणजे तिला इंग्रजीतलं तीन ओळींचं वाक्य बघूनच घाम फुटतो. जुन्या शाळेत सर प्रश्न आधी हिंदीत सांगायचे आणि मग पोरं सोडवायची.

टॅबचं मेहुण्यांशी बोललो. ते रुसलेत.

तुकोगंजची मावशी

बघा, मोळी सुटली. आता कामाला लागू.

चिन्हापासून सुरुवात करा. ते सगळ्यांत लवकर सुटतं, आणि तिला आत्ता लवकर सुटणारं काहीतरी हवंच आहे. सातवीचं पुस्तक काढा, जिथे बैजिक राशींची वजाबाकी आहे तिथलं. नववीच्या मुलीला सातवीचं पुस्तक उघडायची लाज वाटते, तेव्हा उदाहरणं तुम्ही वहीत उतरवून द्या. रोज सहा, जास्त नाही. सुटली की वही बंद, भले तिला अजून करायची असली तरी.

रोज सहाच का, ते सांगते. शास्त्रवाल्यांकडेही याला आधार आहे, बी.एड.च्या मुलींना मी हे सांगत असे. बँडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ साली वजाबाकीत कच्ची आणि गणिताला कंटाळलेली मुलं घेतली. सरावाची पानं ४२, बैठका सात. एका गटाला सांगितलं, दर बैठकीला ६ पानं करा. दुसऱ्याला सांगितलं, शेवटपर्यंत ४२ करा. तिसऱ्याला काहीच ध्येय दिलं नाही. काम सगळ्यांना तेच. पण सहा-सहावाले पुढे गेले, "मला जमतंय" असं म्हणायला लागले, आणि मोकळ्या वेळात आपणहून वजाबाक्या करायला लागले. ४२ वाल्यांना त्या ध्येयाचा काडीचा उपयोग झाला नाही. तुमच्या मेहुण्यांचे ८० टक्के म्हणजे ते ४२ पानांचं ध्येय. लांबून दिसतं, पण आज संध्याकाळी काय करायचं ते त्यात लिहिलेलं नाही.

शाब्दिक उदाहरणांसाठी महिनाभर सोडवायची सक्ती नको. इंग्रजी प्रश्न वाचायचा, काय दिलंय त्याखाली रेघ, काय विचारलंय त्याला गोल, आणि आपल्या भाषेत एका ओळीत लिहायचं. एवढंच. सोडवायला ती आपणहून घेईल, नाही घेतलं तर मला सांगा. तुमची समजूत घालते की हा इंग्रजी वाचण्याचा सराव आहे, गणिताचा नाही, आणि तिलाही तसंच सांगा. तिने आपल्या गणिताला नावं ठेवायला सुरुवात केली ती या परक्या वाक्यांमुळे.

कौतुक करताना "किती हुशार माझी बाय" नको. "या ओळीत दोन्ही चिन्हं बदललीस, बरोबर" असं म्हणा. जे केलं त्यावर बोट ठेवा.

भूमिती नंतर. सिद्धता लिहिणं ही कला आहे आणि ती कुणीतरी समोर बसवून शिकवावी लागते.

रामबागवाली

मावशी, नमस्कार घ्या. मला शाळेत तुम्ही का नाही मिळालात?

आकडेमोड्या

मावशींच्या कौतुकाच्या सल्ल्याला माझी जोड. म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांना सोपी कोडी दिली. काहींना म्हटलं "तू हुशार आहेस", काहींना "तू मेहनत घेतलीस". मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना पाडलं. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर "हुशार" म्हटलेल्यांची कामगिरी पहिल्यापेक्षाही घसरली, "मेहनत" वाल्यांची सुधारली. दुसऱ्या गावच्या मुलांना आपले गुण लिहून कळवा म्हटल्यावर "हुशार" गटातल्या साधारण ३८ टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले! हुशार असण्याची अब्रू एकदा चिकटली की ती राखण्यातच जीव जातो. जुन्या शाळेतली पहिल्या तिनातली मुलगी हे ओझं घेऊनच नव्या शाळेत गेली असेल.

पण याच ड्वेकबाईंच्या विचारावरून "बुद्धी वाढवता येते" असं शिकवणारे कार्यक्रम जगभर निघाले, त्यांची हवा जरा काढतो. २०१८ साली सिस्क आणि मंडळींनी असे कार्यक्रम एकत्र तपासले. सरासरी परिणाम ०.०८, म्हणजे अगदी बारीक. २०१९ साली येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नववीच्याच सुमारे १२,००० मुलांवर तासाभराच्या आतला ऑनलाइन कार्यक्रम करून पाहिला. मागे पडलेल्या मुलांची सरासरी ४ गुणांच्या त्यांच्या मापावर ०.१ ने वाढली. फुकटात तासाभरात मिळत असेल तर ०.१ वाईट नाही. विजयनगरच्या भावात मात्र महाग पडेल.

टॅबबद्दल: १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, त्या मुलांना चित्रांची आवड आधीपासून होती. गणिताचा कंटाळाच असलेल्या मुलाला छोट्या बक्षिसाने सुरुवात करून देणं इतकं वाईट नसावं. इथे माझं आणि मावशींचं थोडं वेगळं पडतं.

तुकोगंजची मावशी

वेगळं पडू दे. छोटं बक्षीस म्हणून रविवारी सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला न्या, माझी ना नाही. टॅब म्हणजे बक्षीस नव्हे, सौदा आहे.

कोचिंगवाला

मावशी, एका मुलीसाठी हे सगळं छान आहे. माझ्यासमोर एका वेळी साठ असतात. प्रत्येकाच्या लाल गोलांचा हिशोब कोण करणार? या धाग्यावर कुणी ते बोलतच नाही. भरवसा, ध्येय, कौतुक, सगळं शेवटी शिक्षकाच्या वेळेवर येतं.

तुकोगंजची मावशी

माझ्याही वर्गात पन्नासच्या वर असत. मी पोरांनाच करायला लावायची. पेपर परत दिला की वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने: कुठे मार्क गेले, का गेले. पहिल्या वेळेला सगळी लिहीत, "अभ्यास केला नाही". मी परत पाठवी. तिसऱ्या वेळेला खरं लिहायला लागत. साठ वह्यांचं मागचं पान चाळायला तुम्हाला एक तासिका लागेल. तेवढ्यात एक धडा कमी शिकवा.

कोचिंगवाला

धडा कमी शिकवला तर पालक ऑफिसात येतात. पण करून बघतो, एका बॅचला.

सुदामानगरकर

बऱ्याच दिवसांनी येतोय. कळवायचं राहिलं होतं.

चिन्हांचं प्रकरण मिटलं. रोजच्या सहावरून ती आपणहून आठ-दहावर गेली होती, पण मावशींच्या हुकुमाप्रमाणे मी वही मिटायला लावायचो, त्यावरून भांडणंही झाली. गणित करू देत नाही म्हणून पोरगी बापावर रागावली, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. शाब्दिक उदाहरणं अजून अर्धीमुर्धी आहेत. प्रश्न लांब असला की चेहरा पडतो, पण पान कोरं सोडत नाही, काहीतरी मांडते. परवाच्या टेस्टला ४० पैकी २७. सेक्शन तोच. शेजारची मुलगी ३८ वाली आहे आणि तो विषय रोज जेवताना निघतो, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

"मला गणित येत नाही" हे वाक्य बंद झालंय. आता म्हणते, "मला भूमिती येत नाही." आई अजून नजर काढते. मी अडवत नाही, पण मुलींच्या गणिताबद्दल बोलणं मात्र रामबागवाल्या ताईंचं नाव सांगून बंद केलंय.

आता नवा प्रश्न. दहावीला सीबीएसईत गणिताचे स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपर असतात. ती आत्तापासूनच "मी बेसिक घेणार" म्हणते. घेऊ द्यावं का?

आकडेमोड्या

हे दोन पेपर २०२० च्या परीक्षेपासून आले. अभ्यासक्रम दोन्हींचा एकच, फक्त प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. म्हणजे शिकायचं तेवढंच आहे. पुढे अकरावीत तिला गणित घ्यायचं असेल तर मात्र बेसिकने अडचण होऊ शकते, तेव्हाचे नियम शाळेत नीट विचारून घ्या.

रामबागवाली

ती भूमितीच्या भीतीने बेसिक म्हणतेय की तिला खरंच पुढे गणित नकोय? दुसरं असेल तर खुशाल घेऊ द्या. सगळ्यांनीच इंजिनिअर व्हायचं असं थोडंच आहे.

तुकोगंजची मावशी

आत्ता ठरवायची घाई काय आहे? नववी तर अजून संपायची आहे. अभ्यास स्टँडर्डचाच चालू ठेवा, फॉर्म भरायच्या वेळी तिला विचारा आणि ती म्हणेल ते करा.

भूमितीचं मी बघते. रविवारी दुपारी चारनंतर तिला घेऊन या, पत्ता खासगी निरोपाने कळवते. उत्तरपत्रिकेतली ती ७ मार्कांची सिद्धता आणा, तिथूनच सुरू करू. येताना कंपास पेटी आणा, माझ्याकडचा कोनमापक नातवाने मोडलाय. आणि तुम्ही बाहेर बसायचं.